लेस्टरमध्ये मत आहे, उधन्यात नाही

"मनी आंडेर तठे परक्या मुलूखमा मत देस. मना आंडोर आठे चार-पाच तासवर सुरतले ऱ्हास, पन त्याले मत देता येस नही. हाई काय शे, मास्तर? माले समजाडी सांग."

प्रश्न नानाचा. नाना माझा शाळेपासूनचा सोबती. गाव शिंदखेडा तालुक्यात, शेती कोरडवाहू, पीक कापसाचं. मंगळवारी तो अमळनेरला मंगळग्रहाच्या दर्शनाला येतो आणि परतीची गाडी येईपर्यंत माझ्या ओट्यावर बसतो. मुलगी शिकायला म्हणून इंग्लंडमध्ये लेस्टरला गेली आणि आता तिथेच नोकरी करते. मुलगा सुरतेला उधन्यात यंत्रमागाच्या कारखान्यात आहे. मी जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं आणि सातपुड्याच्या पाड्यांपासून अमळनेरच्या शाळांपर्यंत केंद्राध्यक्ष म्हणून रात्री काढल्या. त्यामुळे असा प्रश्न माझ्याकडे येणं साहजिक होतं.

२०२४ चा उन्हाळा आठवा. जळगाव, रावेर आणि नंदुरबारचं मतदान १३ मेला झालं, धुळ्याचं २० मेला. त्यानंतर दोनच दिवसांनी ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक लंडनमध्ये भर पावसात पंतप्रधान निवासाबाहेर उभे राहिले आणि ४ जुलैला निवडणूक घेत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. आपली मतमोजणी ४ जूनला होती, त्यांचं मतदान बरोबर महिन्यानं. या दोन महिन्यांत नानाच्या घरात एकच मत पेटीत पडलं नाही, ते पोराचं. पोरीचं पडलं, पण साता समुद्रापार.

मी आधी नानाला तिथली रीत सांगितली. सभागृह ६५० जणांचं. मतदाराच्या हाती एकच कागद, त्यावर फक्त आपल्या मतदारसंघातल्या उमेदवारांची नावं. पंतप्रधानासाठी वेगळं मत नाही. ज्या पक्षाचे निम्म्याहून जास्त खासदार, त्याच्या नेत्याला राजा सरकार बनवायला बोलावतो. "म्हणजे आपली बाजार समिती," नाना म्हणाला. "आपण संचालक निवडायचे, सभापती त्यांनी ठरवायचा." याहून नेमकं मी वर्गात कधी सांगू शकलो नव्हतो.

मधेच कापसाला युरिया कधी द्यायचा ते निघालं, दोंडाईच्याच्या मिरचीचा भाव निघाला, चहा झाला. मग नाना पुन्हा मूळ मुद्द्यावर आला. "तारीख कोण ठरवतो?" तिथे ती सत्तेवरचा पंतप्रधान ठरवतो, पाच वर्षांच्या आत त्याला सोयीची वाटेल ती. २०११ मध्ये त्यांनी हा अधिकार कायद्यानं बांधला होता, २०२२ मध्ये तो कायदाच रद्द केला. मला हे पटत नाही. आपल्याकडे निवडणूक आयोग तारखा ठरवतो, हीच पद्धत योग्य आहे. मात्र सगळ्या देशाचं मतदान एकाच दिवशी होतं, हे मला त्यांचं आवडतं. आपले सात टप्पे १९ एप्रिल ते १ जून चालले होते. त्यांचा वार ठरलेला, गुरुवार. सुट्टी नसते. सकाळी सात ते रात्री दहा केंद्र उघडं असतं, म्हणजे कामाला जाणारा आधी किंवा नंतर जाऊन येतो. बोटाला शाई नाही, यंत्र नाही. दोरीला बांधलेल्या पेन्सिलीनं फुली मारायची आणि कागद पेटीत टाकायचा.

शाई नाही हे नानाला खटकलं. मलाही खटकलंच असतं, पण तिथे २०२३ पासून फोटोचं ओळखपत्र दाखवावं लागतं. त्याआधी कित्येक वर्षं इंग्लंडचा मतदार नुसतं नाव-पत्ता सांगून मत देत होता. नानाच्या मुलीनं निवासी परवान्याचं कार्ड दाखवलं. यंत्राबाबत मात्र मी माझ्या बाजूनं ठाम आहे. पहाटे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घेणं, सगळ्यांना आकडे दाखवून यंत्र कोरं करणं, सीलवर सह्या घेणं, संध्याकाळी पडलेल्या मतांचा हिशेब देणारा १७-सी नमुना भरून प्रत्येकाच्या हातात प्रत देणं ही शिस्त मी स्वतः पाळली आहे. त्यांच्या एका मतदारसंघात सरासरी ७३ हजार मतदार असतात, म्हणून हातानं मोजून पहाटेपर्यंत निकाल लागतो. आपल्या धुळ्यात मतदार वीस लाखांच्या घरात आहेत. ५ जुलैला सकाळी सुनक यांनी राजीनामा दिला आणि दुपारी मजूर पक्षाचे कीर स्टार्मर पंतप्रधान निवासात आलेही.

उमेदवाराच्या खर्चाचा आकडा ऐकून नानानं तो मला दोनदा विचारला. तिथे प्रचारकाळात एका उमेदवारानं साधारण वीस हजार पौंडांपर्यंतच खर्च करायचा, म्हणजे २०२४ च्या दरानं आपले वीस-एकवीस लाख. आपल्याकडे लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची मुभा आहे. मतदारसंघ मोठा म्हणून मर्यादा मोठी, हे मान्य. पण ती मर्यादा तरी कितीजण पाळतात, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

मग आली मतांची आणि जागांची गोष्ट. त्या निवडणुकीत मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतं मिळाली आणि जागा ४११. म्हणजे तिसरा हिस्सा मतं, जवळजवळ दोन तृतीयांश सभागृह. रिफॉर्म पक्षाला १४.३ टक्के मतं, जागा पाच. लिबरल डेमोक्रॅटांना त्याहून कमी, १२.२ टक्के मतं, तरी जागा ७२. कारण एकाची मतं देशभर विखुरलेली, दुसऱ्याची ठरावीक भागांत एकवटलेली. जो एका मतानं पुढे तो जिंकला, बाकीच्यांची मतं वाया. हीच रीत आपण त्यांच्याकडून उचलली. २०१४ मध्ये भाजपला ३१ टक्के मतांवर २८२ जागा मिळाल्या त्या याच रीतीनं. २०११ मध्ये ब्रिटननं ही पद्धत बदलायची का म्हणून सार्वमत घेतलं, आणि तीनातल्या दोघांनी नको म्हटलं.

नानाची मुलगी राहते तो लेस्टर दक्षिण मतदारसंघ. मजूर पक्षाची देशात लाट होती आणि त्याच दिवशी तिथला त्यांचा मोठा नेता जोनाथन ॲशवर्थ एका अपक्षाकडून ९७९ मतांनी पडला. गाझाच्या प्रश्नावर मतदार रुसले होते. शेजारच्या लेस्टर पूर्वमध्ये त्या जागेचे दोन माजी मजूर खासदार मूळ पक्षाविरुद्ध वेगवेगळे उभे राहिले, मतं फुटली आणि हुजूर पक्षाच्या शिवानी राजा निवडून आल्या. त्यांनी गीतेवर हात ठेवून शपथ घेतली, ती चित्रफीत आपल्याकडेही घरोघर फिरली. उत्तर लंडनमधल्या हेंडनला तर निकाल १५ मतांवर लागला.

इतक्या कमी मतांची गोष्ट आपल्या माणसांना नवी नाही. १८९२ मध्ये दादाभाई नौरोजी लंडनच्या फिन्सबरीतून खासदार झाले ते पाच मतांनी. एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवणारा माणूस इंग्रजांच्या मतांवर इंग्रजांच्या सभागृहात गेला. लोकमान्य टिळक चिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या खटल्यासाठी १९१८ मध्ये लंडनला गेले, तेव्हा तिथल्या मजूर पक्षाला त्यांनी दोन हजार पौंडांची मदत केल्याचं त्यांच्या चरित्रांत आहे. पुढे सत्तेवर येऊ शकणारा पक्ष त्यांनी तेव्हाच हेरला होता. ब्रिटनच्या निवडणुकीकडे आपल्या लोकांनी नुसतं कुतूहलानं पाहिलेलं नाही. तिथे आपलं काम काय निघतं, याचा विचार त्यांनी केला. मीही तेवढ्यासाठीच हे सगळं लिहितो आहे.

आता नानाचा मूळ प्रश्न. मुलीला तिथे मत कसं? ती भारताचीच नागरिक आहे, तिच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट नाही. पण ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तिथल्या संसदेसाठी मत देता येतं. साम्राज्यातल्या सगळ्या प्रजाजनांना असलेला हा जुना हक्क पुढे राष्ट्रकुलाच्या नागरिकांकडे आला. १९४९ मध्ये नेहरूंनी भारत प्रजासत्ताक होणार असतानाही राष्ट्रकुलात ठेवला, म्हणून तो आपल्याकडे राहिला. विद्यार्थी म्हणून गेलेल्या खानदेशी मुलालाही तो आहे, आणि अनेकांना त्याची माहिती नसते. नगरपालिकेकडून दरवर्षी घरोघर पत्र जातं, या पत्त्यावर सध्या कोण राहतं ते कळवा म्हणून. खोली भाड्याची आहे की मालकीची, हे कुणी विचारत नाही. ज्याला घरच नाही त्यालाही, मी अमुक भागात वावरतो, असं लिहून देऊन नाव नोंदवता येतं. विद्यार्थ्याचं नाव घरच्या आणि कॉलेजच्या अशा दोन्ही ठिकाणी राहू शकतं, संसदेसाठी मत मात्र एकदाच. मत कोणाला दिलंस, असं नानानं फोनवर विचारलं तेव्हा मुलगी म्हणाली, "पप्पा, ते सांगायचं नसतं." हे सांगताना नानाला अभिमान वाटत होता, आणि मलाही वाटला.

आणि मतदार त्या दिवशी गावात नसेल तर? इंग्लंडमध्ये २००१ पासून कुणीही, कारण न देता, टपालानं मत मागवू शकतो. ते जमणार नसेल तर विश्वासातल्या माणसाला आपल्या वतीनं मत द्यायला नेमता येतं. परदेशात गेलेल्या ब्रिटिश नागरिकाचा हक्क आधी पंधरा वर्षांनी संपायचा. जानेवारी २०२४ पासून तो जन्मभराचा झाला. माणूस जिथे असेल तिथे मत पोहोचलं पाहिजे, असा त्यांचा रोख आहे.

आपला रोख उलटा आहे. मतदारानं मतापर्यंत यावं. परदेशातल्या भारतीयाला २०११ पासून यादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला विमानानं गावच्या केंद्रावरच यावं लागतं. त्यांना प्रतिनिधीमार्फत मत देता यावं असं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडलं आणि लोकसभा विसर्जित होताच संपलं. त्या विधेयकातही उधन्याचा विचार नव्हता. लंडन-दुबईच्या माणसासाठी निदान विधेयक निघालं, सुरतेच्या माणसासाठी तेवढंही नाही.

सुरत ही खानदेशाची दुसरी पेठ आहे. अमळनेरची प्रताप मिल बंद पडली, विहिरी आटल्या, शेतं वाटण्यांत तुकडे तुकडे झाली, आणि सुरत-भुसावळ पॅसेंजर भरत गेली. उधना, लिंबायत, डिंडोली भागांत अहिराणी कानावर पडल्याशिवाय गल्ली संपत नाही. या वस्त्या ज्या नवसारी मतदारसंघात येतात, तिथले खासदार आणि आज केंद्रात मंत्री असलेले सी. आर. पाटील यांचा जन्म जळगाव जिल्ह्यातल्या पिंप्री अकराऊतचा. इतकी आपली माणसं तिथे रुजली आहेत.

मग त्यांनी तिथेच नाव का घालू नये? जे कायमचे स्थिरावले त्यांनी घातलंच आहे. पण नानाचा मुलगा खोली बदलत राहतो. घरमालक भाडेकरार लिहून देत नाही. रेशनकार्ड गावचं, सातबारा गावचा, म्हातारे आईबाप गावात, आणि मंदी आली की तो परत गावातच येणार. कापसाच्या भावाचा, तापीच्या पाण्याचा, गावच्या रस्त्याचा प्रश्न त्याचा आहे. त्याला धुळ्याचा खासदार निवडायचा आहे, आणि त्यात काही गैर नाही. कायद्यात पगारी सुट्टी आहे. पण तो मीटरवर मजुरी घेतो, जेवढं कापड तेवढे पैसे. येणं-जाणं धरून दोन दिवसांची मजुरी आणि भाडं त्याच्याच खिशातून जातं. २० मेला तो आला नाही. त्या निवडणुकीत डॉ. शोभा बच्छाव आणि डॉ. सुभाष भामरे यांच्यात फरक राहिला ३ हजार ८३१ मतांचा. शिंदखेडा आणि धुळे तालुक्यांतून सुरतेला गेलेली माणसं कोणत्या बाजूला झुकली असती, ते मी सांगू शकत नाही आणि मला ते सांगायचंही नाही. पण त्यांना बाजूला ठेवून निकाल लागला, हे खरं आहे.

ही माणसं ग्रामपंचायतीला मात्र येतात. का येतात ते मी केंद्रावर पाहिलं आहे. सकाळी नऊच्या सुमारास शंभर मीटरच्या रेषेबाहेर जीजे-०५ नंबरची गाडी थांबते. रात्रभर बसून आलेली तरुण पोरं उतरतात, डोळे लाल, केसांत धूळ. एक माणूस हातात वही घेऊन नावावर टिक करतो. मत देऊन बाहेर आलेल्या पोराला तोच माणूस चहा-नाश्त्याकडे नेतो, आणि दुपारी गाडी परत फिरते. गाडीचं भाडं कोणी दिलं, हे गावाला ठाऊक असतं. मतकक्षाच्या पुठ्ठ्याआड तो पोरगा मोकळा असतो, हे मी केंद्राध्यक्ष म्हणून छातीठोक सांगेन. पण ज्याच्या पैशानं तो मतापर्यंत पोहोचला, त्याचं ओझं तो मनावर घेऊनच आत जातो. जाण्या-येण्याची सोय सरकारनं केली नाही तर ती उमेदवार करतो, आणि मग त्याची किंमतही वसूल करतो.

ब्रिटनचं टपाली मत जसंच्या तसं आणा, असं मी म्हणत नाही. बर्मिंगहॅममध्ये २००४ च्या महापालिका निवडणुकीत टपाली मतांत इतके गैरप्रकार झाले की, पुढच्या वर्षी न्यायाधीशांनी दोन प्रभागांचे निकाल रद्द केले. २०२४ मध्येही मतपत्रिका उशिरा मिळाल्याच्या तक्रारी होत्या. आपल्याकडे खोलीवर आलेली मतपत्रिका मुकादम नाहीतर खोलीमालक आधी उघडेल, ही भीती खरी आहे. मत केंद्रावरच, पुठ्ठ्याच्या आडच दिलं गेलं पाहिजे. प्रश्न इतकाच आहे की ते केंद्र सुरतेत का नसावं?

असं काही आपल्याकडे होतच नाही, असंही नाही. निवडणुकीच्या कामावर असताना मी स्वतः टपाली मत दिलं आहे, घोषणापत्रावर अधिकाऱ्याची सही घेऊन, पाकिटात पाकीट घालून. सैनिकाला आपल्या वतीनं मत द्यायला माणूस नेमता येतो. विस्थापित काश्मिरी मतदारांसाठी जम्मू आणि दिल्लीत खास केंद्रं असतात, तिथून ते खोऱ्यातल्या उमेदवाराला मत देतात. २०२४ मध्ये ८५ वर्षांपुढच्या मतदारांच्या घरी पेटी गेली. ज्याच्यासाठी सोय करायची ठरवली, त्याच्यासाठी ती झाली.

स्थलांतरितांसाठी आयोगानं डिसेंबर २०२२ मध्ये प्रस्ताव आणला होता, एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचं दूरस्थ मतदान. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना दिल्लीत बोलावलं. पक्षांनी हरकती घेतल्या. स्थलांतरित कोण, दुसऱ्या राज्यात आचारसंहिता कशी लागू करायची, प्रत्येक ठिकाणी मतदान प्रतिनिधी कुठून आणायचे. हरकती खोट्या नव्हत्या. पण त्यांची उत्तरं शोधण्याऐवजी विषयच गुंडाळला गेला. २०१९ मध्ये तीस कोटींहून अधिक मतदारांनी मत दिलं नव्हतं, हे आयोगानंच त्या वेळी सांगितलं होतं. २०२५ मध्ये बिहारच्या यादीची फेरतपासणी झाली, तेव्हा प्रारूप यादीतून ६५ लाखांच्या आसपास नावं गेली. त्यांत मोठा भाग स्थलांतरित किंवा पत्त्यावर न सापडलेल्यांचा होता. नानाचा मुलगाही दुपारी दार वाजवल्यावर शिंदखेड्यात सापडणार नाही आणि उधन्यातही नाही.

म्हणून माझी मागणी लहान आहे. ७२ मतदारसंघांचं यंत्र राहू द्या. धुळे, जळगाव, रावेर, नंदुरबार या चार मतदारसंघांसाठी उधना आणि लिंबायतमध्ये काही खास केंद्रं उघडा. ज्याला तिथे मत द्यायचं आहे, त्यानं महिनाभर आधी अर्ज करावा, गावच्या यादीत त्याच्या नावापुढे खूण करावी, म्हणजे दुबार मताचा प्रश्न उरत नाही. मतपत्रिका कागदाची ठेवा, पेट्या सीलबंद करून त्या त्या जिल्ह्यात टपाली मतांसोबत मोजा. गुजरात आणि महाराष्ट्राचं मतदान वेगळ्या दिवशी असलं तर तिथले शिक्षक-कर्मचारी कामाला मिळतात. एकदा करून पाहा, चुका दिसतील, त्या दुरुस्त करा.

डॉ. शोभा बच्छाव, स्मिता वाघ, रक्षा खडसे आणि ॲड. गोवाल पाडवी हे आपले चार खासदार. दोन काँग्रेसचे, दोन भाजपचे. हा विषय कोणा एका पक्षाचा नाही, म्हणून चौघांनी मिळून तो लोकसभेत मांडावा आणि निवडणूक आयोगाला एकत्र पत्र द्यावं. सी. आर. पाटील यांनी जन्मगावच्या नात्यानं पाचवी सही करावी. आणि वाचकांनो, तुमच्या घरातलं कुणी सुरतेला, पुण्याला, मुंबईला असेल तर त्याचं नाव गावच्या यादीत आज आहे का, हे आधी तपासा.